पेंटरांची ज्योत आणि बिडाचा नळ

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या अंगावरून चालत जाता आणि मला ओळखत नाही, यात तुमचा काही दोष नाही. मी जमिनीखाली असतो. घरोघरी गॅस पोचवणारा जुना नळ आहे मी, बिडाचा. तुमच्या घरी बिडाचा तवा असेल तर तो माझा चुलतभाऊ समजा. फरक इतकाच, की त्याला घासूनपुसून तेलाचा हात लावून ठेवतात आणि मला एकदा पुरलं ते पुरलंच.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर आलो तो काळाकुट्ट, एका बाजूला तोंड मोठं आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं. माझ्यासारखी भावंडं पुष्कळ होती. एकाच्या मोठ्या तोंडात दुसऱ्याचं निमुळतं टोक बसवायचं, मधल्या फटीत ताग ठासायचा आणि वरून शिसं ओतायचं, अशी आमची सोयरीक जुळवली. ती इतकी पक्की जुळली, की गल्लीभर पसरलेल्या त्या सगळ्या रांगेला मी आता 'मी'च म्हणतो. माझ्यापासून प्रत्येक घराला एक बारीक फाटा गेला, भिंतीतून वर चढला आणि स्वयंपाकघरात शेगडीपाशी थांबला.

लोखंडातून आवाज छान चालतो. त्यामुळे गल्लीत काय शिजतंय आणि काय बिनसलंय, दोन्ही मला कळत गेलं. पहाटे सगळ्यात आधी कोणाकडे चहाचं पाणी चढतं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणी रुसून जेवायचं सोडलंय, हे मला फाट्यातून जाणाऱ्या गॅसवरून समजे. कौतुकाचं म्हणाल तर ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही. चहा चांगला झाला तर शाबासकी करणाऱ्याला आणि दूध उतू गेलं तर शिव्या शेगडीला. नळाचं नाव कोणी काढलं तर समजावं, काहीतरी बिघडलंय. मला त्याचं वाईट वाटायचं. पण काम करणाऱ्याने रुसून बसलं तर गल्ली उपाशी राहील, म्हणून मी रुसलो नाही.

सुरुवातीला माझ्यातून कोळशापासून केलेला गॅस जात असे. तो जरा ओलसर होता. पुढे जमिनीच्या पोटातून निघणारा नैसर्गिक गॅस आला. तो स्वच्छ खरा, पण कोरडा ठणठणीत. त्याने माझ्या सांध्यांतला ताग हळूहळू सुकत गेला. वरून गाड्या वाढल्या, माती हलत राहिली, आणि बीड म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, वाकणार नाही, तडकेल. म्हातारपण कोणाला चुकलंय? इथून थोडा, तिथून थोडा गॅस निसटू लागला. लोक म्हणायचे, "अगं, कसला गं वास येतोय?" मग खिडकी उघडायचे, आणि वास गेला की विसरून जायचे.

आता तुम्हाला वळणावरच्या घराबद्दल सांगतो, कारण माझी गोष्ट त्या घराशिवाय पुरी होत नाही.

तिथे पेंटर राहतात. उमेदीच्या वयात त्यांनी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं खरं नाव गल्लीत बहुतेकांना ठाऊक नाही, पेंटर म्हणूनच ते सगळ्यांना माहीत. त्यांच्या घरातली शेगडी जुन्या पद्धतीची होती. तशा शेगडीत मधोमध एक लहानशी ज्योत कायम जळत असते आणि बर्नरची कळ फिरवली की त्या ज्योतीवरच तो पेट घेतो. पेंटर लग्न करून या घरात आले, शेगडी बसली, तेव्हा ती ज्योत त्यांच्या बायकोने पेटवली. संसार त्या ज्योतीवर झाला. एक मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली. मग पेंटरांची बायको आजारी पडली आणि त्यातून उठली नाही.

ती गेल्यापासून पेंटरांचा जीव त्या ज्योतीत अडकला. "हिने पेटवलेली आहे. मी आहे तोवर विझू देणार नाही," असं ते म्हणत. ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटायचं. पण पुढे पेंटर घराबाहेर पडेनासे झाले. वाण्याच्या दुकानापलीकडे त्यांचं पाऊल जाईना. मुलीला मुलगी झाली तरी ते गेले नाहीत. नात चालू लागली, बोलू लागली, तरी हे आपले फोनवरच. मुलगी म्हणायची, "बाबा, चार दिवस तरी या ना." हे म्हणायचे, "अगं, ज्योत कोण बघेल?" एकदा नातीनेच फोन घेतला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही फक्त फोनमध्येच असता का?" त्या दिवशी पेंटरांनी फोन ठेवला आणि ते बराच वेळ शेगडीसमोर बसून राहिले. चहासुद्धा केला नाही.

आणि मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती, जी पेंटरांना ठाऊक नव्हती. ती ज्योत मधे एकदा विझली होती.

काही वर्षांमागे पेंटर ऑपरेशनसाठी इस्पितळात होते. घर त्यांच्या मेहुणीच्या हवाली होतं. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिची पलीकडच्या गल्लीत लाँड्री आहे, सगळे तिला लाँड्रीवाल्या मावशी म्हणतात. नेमकी त्याच दिवसांत शेजारची पाण्याची लाइन फुटली, पाणी माझ्या पोटात शिरलं आणि गल्लीचा गॅस बंद पडला. घरोघरच्या शेगड्या थंड झाल्या. पेंटरांची ज्योतही गेली. पाणी काढून गॅस पुन्हा सुरू झाला, फिटर घरोघर फिरला, मावशींनी पेंटरांचं दार उघडलं आणि ज्योत परत पेटवली. पेंटर घरी आले. पाहतात तो स्वयंपाकघर चकाचक, डबे घासलेले, फडताळातली मांडणी बदललेली. झालं! त्यांच्या बायकोने लावलेले डबे मेहुणीने हलवले, म्हणून त्यांनी तिला नाही नाही ते सुनावलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या ताईची ज्योत तरी शाबूत ठेवलीस, हे नशीब!" मावशींनी ओठ मिटले, चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. आणि मी काय बोलणार? नळाला ऐकू येतं, बोलता कुठे येतं?

यंदा मला बदलायचं ठरलं. कामाची पद्धत अशी, की रस्ता सगळा उकरायचा नाही. दोन टोकांना खड्डे घ्यायचे आणि माझ्या पोटातूनच नवा पिवळा प्लॅस्टिकचा पाइप ओढून न्यायचा. मी राहणार जिथल्या तिथे, फक्त गॅस त्याच्यातून जाणार. पलीकडची गल्ली आधी झाली. आमच्या गल्लीची पाळी आली तेव्हा घोळ झाला.

नियम असा आहे. काम चालू असताना गल्लीतल्या कुठल्याही घरात आग नको, इवलीशीसुद्धा. आणि काम झाल्यावर प्रत्येक घरात जाऊन शेगडी तपासल्याशिवाय गल्लीला गॅस सोडायचा नाही. का, ते समजून घ्या. विझलेल्या शेगडीची कळ चुकून उघडी राहिली असेल आणि वरून गॅस आला, तर तो न जळता घरभर पसरेल. म्हणजे एका घराने दार उघडलं नाही, तर सगळी गल्ली थंड.

आणि पेंटरांनी दार उघडलं नाही. उलट एक सुरेख पाटी रंगवून दारावर लावली: 'या घरी गॅसचे काम होणार नाही. बेल वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही.' दोन्ही 'नाही'ना सोनेरी सावली दिली होती. पाटी बघायला माणसं येऊ लागली, काम मात्र पुढे सरकेना.

गल्लीतले चिडले. समोरच्या घरातली सून खिडकीतून ओरडली, "अहो पेंटर, तुमच्यापायी सगळी गल्ली अडून बसलीय! इथे वासाने डोकं उठलंय!"

"कसला वास?" पेंटर आतून म्हणाले. "मला तर काही येत नाही. मनाचे खेळ आहेत तुमच्या!"

ते खोटं बोलत नव्हते. आयुष्यभर टर्पेंटाइन हुंगून त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. ज्या गॅसचा वास सगळ्या गल्लीला येत होता, तो माझ्या ज्या सांध्यातून निसटत होता, तो सांधा त्यांच्याच उंबऱ्यासमोर होता. आणि आत शेगडीत चोवीस तास ज्योत. मी जमिनीखाली पडल्या पडल्या घाबरून गेलो होतो. या गल्लीची पोरं माझ्या डोक्यावर खेळून मोठी झाली. त्यांच्यातल्या कोणाला माझ्यामुळे काही झालं असतं, तर माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला काय अर्थ राहिला असता?

फिटरचं काम करणारी बाई समजूतदार होती. तिने बेल वाजवली नाही. दुपारी डबा घेऊन ती पेंटरांच्या पायरीवर बसली आणि जेवू लागली. थोड्या वेळाने वरची खिडकी किलकिली झाली.

"पायरीवर खरकटं सांडू नकोस."

"नाही सांडत, काका. अक्षर झकास आहे तुमचं. 'नाही' तर असं काढलंय, की 'हो' म्हणावंसं वाटतं."

वरून आवाज आला, "गोड बोलून दार उघडणार नाही मी."

"नका उघडू. पण का नाही ते तरी सांगा."

"सांगून काय होणार? तुझा नियम बदलणार आहे का?"

"नियम नाही बदलणार. पण ऐकून घ्यायला नियमाची आडकाठी नाही."

मग खिडकीतून पेंटरांनी सगळं सांगितलं. बायको, ज्योत, त्यांचा शब्द, सगळं. फिटरबाईने डबा बंद केला, पिशवीतून गॅस शोधायचं छोटं यंत्र काढलं आणि उंबऱ्यासमोरच्या फरशीच्या फटीशी धरलं. यंत्र कर्कश ओरडायला लागलं. नाकाने ऐकलं नव्हतं, ते पेंटरांच्या कानाने ऐकलं.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "गॅस तुमच्या दारापर्यंत आलाय. अजून आत शिरलेला नाही. शिरायचं ठरवलं तर मुहूर्त बघत बसणार नाही तो. आत तुमची ज्योत आहे. काकूंनी ज्या शेगडीवर तुम्हाला जेवू घातलं, तिच्यामुळेच घर उडालं तर काकूंना आवडेल का?"

दार उघडलं. पेंटरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"विझवायची का?" त्यांनी विचारलं.

"या गल्लीत ठेवता येणार नाही. गल्लीबाहेर न्यायला माझी हरकत नाही. कंदील आहे?"

कंदील होता. फिटरबाईने आधी घरभर यंत्र फिरवलं, हवा साफ असल्याची खात्री केली आणि पेंटरांनी मोठ्या काळजीने शेगडीवरून कंदील पेटवून घेतला. मग फिटरबाईने शेगडी बंद केली आणि मागच्या दाराने दोघं बाहेर पडले.

"पण नेऊ कुठे?"

"पलीकडच्या गल्लीचं काम झालंय. तिथे लाँड्रीची शेगडी दिवसभर चालू असते. त्या मावशी चांगल्या आहेत, ठेवून घेतील."

पेंटर जागच्या जागी थांबले. "तिच्याकडे? मी मेलो तरी नाही."

"मग फुंकर घाला," फिटरबाई म्हणाली. "मला खड्ड्यात उतरायचंय."

पेंटर कंदील धरून उभे राहिले. वाऱ्याने ज्योत एकदा लवली, तेव्हा त्यांनी घाईघाईने तिच्याभोवती हात धरला आणि मुकाट्याने पलीकडच्या गल्लीकडे चालू लागले. अडला हरी म्हणतात, तो असा.

लाँड्रीत मावशी इस्त्री करत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "काय, इतक्या वर्षांनी? कपडे आणलेत वाटतं?"

"कपडे नाहीत. हिची ज्योत आणलीय," पेंटर म्हणाले आणि त्यांनी कंदील पुढे केला.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. शेगडीवरचं पातेलं उतरवलं आणि लहान बर्नर पुसून कोरडा केला. "इथे लावा," एवढंच त्या बोलल्या.

मग आमच्या गल्लीचं काम सुरू झालं. माझ्यातला उरलासुरला गॅस काढून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा झालो, आणि खरं सांगतो, मित्रांनो, मला रडू आलं. एवढ्यात माझ्या एका टोकातून दोर सरसरत आत आला आणि त्याच्यामागे तो नवा पिवळा पाइप, लवचीक, गुळगुळीत, सगळीकडे अंग चोरत. "लागत तर नाही ना, काका?" असं त्याने विचारलं. मला वाटलं होतं हा पोरटा शिष्ट निघेल. पण माझ्या प्रत्येक सांध्याशी तो जपून वळत होता. वजनाला हलका, पण वळण चांगलं. मी त्याला पोटात घेतलं आणि माझा रुसवा तिथेच संपला.

काम उरकलं. फिटरबाई घरोघर जाऊन शेगड्या तपासू लागली. पेंटर ज्योत परत आणायला लाँड्रीत गेले, तेव्हा मावशींनी त्याच बर्नरवरून कंदील पेटवला आणि स्वतःच उचलला. दोघं पुढेमागे चालत घरी आले आणि तिघं स्वयंपाकघरात उभे राहिले. फिटरबाईने शेगडी पाहिली, कळा पाहिल्या, आणि म्हणाली, "पेटवा, काका."

पेंटर कंदील घ्यायला वळले आणि त्यांचा बांध फुटला. "धाकटे, तू सांभाळलीस," ते म्हणाले. "आता मी थकलो. उद्या मला काही झालं तर ही ज्योत तू चालू ठेव. मला शब्द दे."

"शब्द नाही देणार," मावशी म्हणाल्या.

"अगं, तुझ्या ताईची ज्योत आहे ही!"

"नाही, भावजी. ताईची नाही." मावशींनी कंदील ओट्यावर ठेवला. "तुम्ही इस्पितळात होता ना, तेव्हा गल्लीचा गॅस बंद पडला होता. ज्योत विझली. ही मी पेटवलेली आहे."

फिटरबाई पान्याकडे बघत उभी राहिली. पेंटर खुर्चीत बसले.

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"हो."

"आणि तू बोलली नाहीस!"

"बोलू कधी? घरात पाऊल टाकलंत आणि डब्यांवरून माझा उद्धार केलात. वर म्हणालात, ज्योत शाबूत ठेवलीस हे नशीब. म्हटलं, आता सांगितलं तर हा माणूस कोसळेल. मग वाटलं, राहू दे, तेवढाच आधार. पण आधार कसला, भावजी? खुंटा झाला तो तुमचा! नात शाळेत जायच्या वयाची झाली. तिचा चेहरा पाहिलात का कधी समोरून? ताई असती तर तिने ही ज्योत स्वतः फुंकली असती आणि तुम्हाला हाताला धरून गाडीत बसवलं असतं."

पेंटरांनी डोळे पुसले. मग त्यांनी एक विचित्रच प्रश्न विचारला. "काडी कुठली होती?"

"ताईच्याच पेटीतली. खिडकीत असायची ना, ती."

"एका काडीत पेटली?"

"कसली! तीन वाया गेल्या."

पेंटर हसले. रडत रडत हसले. "हिला चार लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी. आणि वर खापर काड्यांवर! म्हणे, काड्याच ओल्या आहेत."

"ताई ती. चूक कधी तिची नसायचीच," मावशी म्हणाल्या, आणि आता त्यांनाही रडू आवरेना.

पेंटरांनी उठून कंदिलाची काच वर केली. थोडा वेळ ज्योतीकडे पाहिलं आणि हलकेच फुंकर घातली. मग काड्यापेटी मावशींच्या हातात दिली. "पेटव. चहा टाक तिघांचा. या पोरीने दुपारपासून घोटभर काही घेतलं नसेल."

चहा झाला. कपबशा विसळल्या. पेंटरांनी शेगडीची मोठी कळ स्वतःच्या हाताने बंद केली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्याकडे यायला गाडी कुठून सुटते?" पोर बिचारी आधी रडली आणि मग गाडीची वेळ सांगू लागली.

मित्रांनो, माझं काम आता संपलं. मी नव्या पाइपाला पांघरूण होऊन पडलोय आणि त्यात मला समाधान आहे. तुम्हाला एवढंच सांगतो. गॅसचा वास आला तर खिडकी उघडून विसरून जाऊ नका, मोठ्यांना सांगा, बाहेर पडा, फिटरला बोलवा. तो दारात आला तर त्याला उभं ठेवू नका. जुन्या वस्तूंना जपा, पण त्या थकल्या की त्यांना कामातून मोकळं करा, आम्हाला त्याचा राग येत नाही. आणि गेलेल्या माणसाला जपायचं असेल, तर ते मागे ज्यांना ठेवून गेलं आहे त्यांच्याकडे जा. विझलेलं पुन्हा पेटवणारं माणूस बहुधा त्यांच्यातच असतं.

परवाच हा पिवळा पोरगा काळजीने मला म्हणाला, "काका, वळणावरच्या घरात कोणी गॅसच घेत नाही. फाटा अगदी गप्प आहे. काही झालं का हो तिथे?"

"झालं ना," मी म्हणालो. "पेंटर नातीला शाळेत सोडायला गेलेत."